सुलतानपूरची क्लचप्लेट

गुलाबभाऊ गेल्याची बातमी मला त्याच्या घरून आली नाही. मेहकरला बसस्टँडच्या मागे ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानांची एक ओळ आहे. माझं स्वतःचं दुकान मी केव्हाच बंद केलं, पण सकाळचा चहा अजून तिथेच घेतो. दीड महिन्यापूर्वी असाच बाकड्यावर बसलो होतो. एक मिस्त्री चिंध्यांना हात पुसत आला आणि म्हणाला, "काका, तुमचा जुना जोडीदार गेला म्हणतात. गुलाब मिस्त्री. सकाळीच गेला." मी काही बोलायच्या आत त्याच्या शेजारी बसलेला तिशीतला दुसरा मिस्त्री नवलानं म्हणाला, "म्हणजे गुलाब नावाचा माणूस होता काय बे खराच? मले वाटे, तो आपला एक शब्दच आहे."

त्याची चूक नव्हती. आमच्याकडे मेहकर-लोणारच्या मिस्त्र्यांमध्ये एखादा भाग उलटा बसला की 'गुलाब झाला' म्हणतात. नट उलटा लागला, वायसर मागचं पुढे आलं, ऑइल सील पालथं ठोकलं, की लगेच, 'पाय बे, केला गुलाब.' नव्या मिस्त्र्यांना हा शब्द कुठून आला ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. हा शब्द ज्या दिवशी जन्मला त्या दिवशी मी तिथे होतो, आणि तो ज्याच्या नावाने जन्मायला हवा होता तो माणूस मी आहे. हे मी आज, वयाच्या पंचाहत्तरीला लिहितो आहे. गुलाबभाऊ ऐकायला असताना लिहायला हवं होतं... ते माझ्याकडून झालं नाही.

गुलाबभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी आयटीआय करून आलो तेव्हा तो आधीच नावाजलेला मिस्त्री होता. शाळेत तो गेलाच नव्हता. इंजिन मात्र त्याला आवाजावरून कळायचं. रस्त्याने जाणारा ट्रॅक्टर न पाहता तो सांगायचा, याचं बेअरिंग पंधरा दिवसांचा सोबती आहे, आणि सोळाव्या दिवशी तो ट्रॅक्टर दोरीने ओढत आमच्या दारात यायचा. त्याने मला भागीत घेतलं ते माझ्या सर्टिफिकेटकडे पाहून नव्हे. कंपनीची पुस्तकं वाचून दाखवणारं कोणीतरी त्याला हवं होतं, असं तो उघडपणे सांगायचा. मी वाचायचो, तो ऐकायचा, आणि मग बऱ्याचदा म्हणायचा, "पुस्तकवाल्याचं बरोबर आहे." जणू पुस्तकच त्याच्या परीक्षेला बसलेलं असायचं.

त्याचा एक नियम होता, आणि आमच्या दुकानात तो व्रतासारखा पाळला जायचा. एकाने भाग बसवला की बंद करण्याआधी त्यावर दुसऱ्याचा हात फिरला पाहिजे. तो बसवायचा तेव्हा मी पाहायचो, मी बसवायचो तेव्हा तो डोळे मिटून हात फिरवायचा. डोळे काऊन मिटतो, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "डोयाले जे पाहाचं असते तेच दिसते. हाताले तसं नसते." वीस वर्षं असं चाललं. वीस वर्षांत आमच्या दुकानातून गेलेला ट्रॅक्टर त्याच दुखण्यासाठी परत आला असं झालं नाही.

पण या वीस वर्षांत माझ्या मनात एक गोष्ट साचत गेली होती आणि तीही आता सांगून टाकतो. पाटीवर दोघांचीही नावं होती, पण येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावरून विचारायचा, "गुलाबभाऊ आहे का?" मी समोर उभा असायचो. गुलाबभाऊ नसला तर म्हणायचे, "येईन मंग उद्या." मी हसून सोडून द्यायचो. सुटलेलं मात्र काहीच नव्हतं.

सुलतानपूरचे दिनकरराव हे आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट संपली होती. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती, जमिनीतली ओल उडायच्या आत काम व्हायला हवं होतं. ट्रॅक्टर मेहकरला आणण्यापेक्षा आम्हीच त्यांच्या गोठ्यापुढच्या अंगणात गेलो. क्लचप्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो. मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा, इंजिनाचा पुढचा भाग चाकांवर सरकवायचा, आणि मधल्या फटीत बसून काम करायचं. दुपारपर्यंत आम्ही ट्रॅक्टर तोडून जुनी प्लेट काढली. आत एक पिन वाकलेली निघाली, ती सरळ करून घ्यायला गुलाबभाऊ गावातल्या लोहाराकडे गेला. जाताना मला म्हणाला, पलेट बसवून ठेव, मी आलो की हात फिरवतो.

नवी प्लेट दिनकररावांनी आदल्या दिवशीच आणून घरात ठेवली होती. आमच्याकडे नवं अवजार, नवा पार्ट पूजेशिवाय वापरत नाहीत. त्यांच्या आईने, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो, पाटावर गव्हाची रास घालून त्यावर ती प्लेट ठेवली होती, मधल्या पत्र्याला तेल लावून हळदकुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं होतं. क्लचप्लेटीची एक बाजू सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला मधोमध एक उंचवटा असतो, आम्ही त्याला बोंड म्हणतो. उंचवटा गव्हात रुतला होता, म्हणून सपाट बाजू वर आली होती आणि कुंकू तिच्यावर लागलं होतं. सपाट बाजू इंजिनाकडे जाते. ते त्या बाजूवर इंग्रजीत लिहिलेलंही असतं. ती अक्षरं कुंकवाखाली गेली होती.

आजी स्वतः ती प्लेट दोन्ही हातांत धरून अंगणात आल्या. भोवती आठ-दहा माणसं बसली होती. मी त्यांना कंपनीच्या प्रशिक्षणात काय काय शिकवतात ते सांगत होतो, माझ्या बोलण्याला रंग चढला होता. आजी म्हणाल्या, "बापा, कुंकू तिकडं फिरवू नको. चालवणाराकडंच राहू दे लक्ष्मीचं तोंड." मी म्हणालो, हाव आजी, तुमच्या मनासारखंच करतो. आणि कुंकू आमच्याकडे, म्हणजे सीटच्या दिशेला ठेवून मी प्लेट बसवली, वर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट लावली, बोल्ट आवळले. एवढंच. हात जे करत होते त्याकडे माझं लक्ष नव्हतं. आजी समाधानाने घरात गेल्या.

गुलाबभाऊ आला. हात धुतले, डोळे मिटले, आणि प्रेशर प्लेटच्या मधल्या भोकातून अंगठा आत घातला. बराच वेळ तो तसाच थांबला. मग हळूच, लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाला, "नाथा, मले उलटी वाटून राह्यली. मधलं बोंड हाताले लागत नाही."

त्याने हळू विचारलं होतं. मीही हळू बोलू शकलो असतो. बोल्ट सैल करून बघायला वेळ लागला असता, पण तेवढाच. मी मोठ्याने म्हणालो, "लिहिलं आहे तशीच बसवली. तुले वाचता येते का?"

माणसं हसली. गुलाबभाऊने अंगठा काढून घेतला, चिंधीला पुसला, आणि म्हणाला, "नाही बे. तू वाचली तर बरोबर असंन." मी वाचलं नव्हतं. कुंकवाखालचं काहीच मी वाचलं नव्हतं. त्याने स्वतःच्या हातावरचा विश्वास बाजूला ठेवून माझ्या अक्षरांवर ठेवला, आणि ट्रॅक्टर जोडायला घेतला.

जोडून झाल्यावर इंजिन सुरू केलं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे व्हायला हवेत. झाले नाहीत. पेडल तळापर्यंत दाबलं तरी गिअर टाकताना दातांवर दात घासल्यासारखा आवाज येत होता. आता ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कोणीही सांगेल, नव्या प्लेटीनंतर क्लच सुटत नसेल तर आधी बाहेरचं पाहायचं. पेडलची सैल चाल जास्त असू शकते, दांडी लांब-आखूड असू शकते. गुलाबभाऊ ट्रॅक्टरखाली गेला आणि दांडी दोन आटे फिरवून आला. फरक नाही. पुन्हा गेला. खालच्या झडपेतून क्लचची आतली लोखंडी बोटं सारखी उचलतात का ते त्याने बॅटरीच्या उजेडात एकेक करून पाहिलं. सारखी होती. तिसऱ्यांदा तो खाली गेला तेव्हा मला कळलं होतं. त्याचे पाय बाहेर दिसत होते, टाचांना माती लागलेली, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते स्वस्तिक आलं, आमच्याकडे तोंड केलेलं. त्या क्षणी मी बोललो असतो तरी फार काही बिघडलं नसतं. त्याऐवजी मी वाकून त्याला सांगितलं, "भाऊ, बेअरिंग पाय बरं एकदा." आणि तो बेअरिंग पाहू लागला.

नंतर मीच म्हणालो, प्लेट चिकटली असेल, गिअरमध्ये टाकून झटका देऊ. प्लेट कधी कधी गंजाने चिकटते, तेव्हा हा उपाय करतात, खोटा नाही. पण तिथे प्लेट चिकटलेली नाही हे मला माहीत होतं. गुलाबभाऊ सीटवर बसला. क्लच दाबून, ब्रेक दाबून त्याने स्टार्टर मारला, आणि ट्रॅक्टर उसळून समोरच्या कुटाराच्या, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या, ढिगात घुसला. त्याच्या डोक्यावर, मिशांवर कुटार. अंगणभर हशा. एकजण म्हणाला, "मिस्त्री, पेरणी वावरात कराची हाय, कुटारात नाही." तोही हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा तोडला. दिनकरराव, त्यांचे भाऊ, शेजारी सगळे उभे होते. आजी देवळात गेल्या होत्या. प्रेशर प्लेट निघाली आणि ते कुंकू समोर आलं, काळवंडलेलं, पण सगळ्यांना दिसेल असं. गुलाबभाऊने प्लेट काढून उलटी धरली. उंचवट्याची कड इंजिनाच्या बोल्टांवर घासून चमकत होती. कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. दिनकररावांचा आवाज चढला. ओल चालली माझी, म्हणाले, आणि तुम्ही पलेट उलटी बसवता? कोणी बसवली ही?

गुलाबभाऊने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वीस वर्षं एखादा पाना हवा असला की तो जसा पाहायचा तसंच. मी बोलेन याची तो वाट पाहत होता... आणि मी बोललो. मी म्हणालो, "जाऊ द्या दिनकरराव. त्याले वाचता येत नाही ना."

त्याने बसवली असं मी म्हटलं नाही. या फटीत मी कितीतरी वर्षं आसरा घेतला. मी खोटं बोललो नव्हतो, त्याला खरोखरच वाचता येत नव्हतं. पण तिथल्या प्रत्येकाला जे समजायचं ते समजलं, आणि तसं समजावं म्हणूनच मी ते वाक्य निवडलं होतं. गुलाबभाऊ खाली पाहत म्हणाला, "चुकलं माह्यं. हात फिरवूनही सोडलं." ते मात्र शब्दशः खरं होतं. त्याने प्लेट सरळ बसवली, कुंकू इंजिनाकडे गेलं, संध्याकाळच्या आत ट्रॅक्टर वावरात उतरला.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. लोणार फाटा ओलांडल्यावर त्याने विचारलं, "नाथा, काय लिहिलं राह्यते बे त्या पलेटीवर?" मी सांगितलं, फ्लायव्हील साइड, म्हणजे इंजिनाकडची बाजू. त्याने ते दोन इंग्रजी शब्द दोन-तीनदा पुटपुटले. मग म्हणाला, "म्हणजे ते कुंकवाखाली होतं." मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मेहकर येईपर्यंत तो त्या पलेटीबद्दल पुढे काही बोलला नाही, आणि त्यानंतर मरेपर्यंत कधीच नाही.

पंधरा दिवसांत 'गुलाब केला' हा शब्द बाजारात आला. आधी दिनकररावांच्या अंगणातले लोक म्हणाले, मग मिस्त्री म्हणू लागले. माणसं आता उंबऱ्यावरून माझं नाव घेऊन विचारू लागली, "एकनाथभाऊ आहे का?" गुलाबभाऊ ग्रीस भरायचा, टायर काढायचा. कोणाचा ट्रॅक्टर तोडायचा असला की गिऱ्हाईक मला बाजूला घेऊन सांगायचं, त्याले हात लावू देऊ नका. मी मान हलवायचो. दुसऱ्याचा हात फिरवायचा नियम आपोआप बंद पडला, कारण माझ्या कामावर हात फिरवायची त्याला आता कोण परवानगी देणार होतं? दोन वर्षांनी त्याने भागी सोडली आणि घराच्या ओसरीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेने भरायला घेतल्या. पाटीवरचं त्याचं नाव मी लगेच पुसलं नाही. पेंटर येईपर्यंत थांबलो. यालाही मी तेव्हा माणुसकी समजत होतो.

मी त्याच्याकडे जात राहिलो. दिवाळीला, लग्नकार्याला. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि पिकापाण्याचं बोलून परत यायचो. शेवटच्या आजारातही गेलो. खोलीत पाहुणे होते, हे मला निमित्त पुरलं. त्याने माझा हात हातात घेतला होता. त्याचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरत होता, आणि मला वाटलं, याला सगळं लागतंय. गुलाबभाऊ गप्प का राहिला, हे मला अजून माहीत नाही. त्याचा मोठेपणा, असं म्हणणं मला सोपं जाईल. पण त्याचा मोठेपणा सांगितला की माझा लहानपणा थोडा झाकला जातो, म्हणून मी ते म्हणत नाही. कदाचित त्याने सांगितलंही असतं, तर सर्टिफिकेटवाल्यापुढे त्याचं कोणी ऐकलं नसतं. हे त्याला त्या बसमध्येच कळलं असावं.

तेरवीनंतर आठवड्याने मी त्याच्या मुलीकडे, मंदाकडे गेलो. ती बापाचंच घर सांभाळते. या वेळी पिकापाणी काढलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आजींचं कुंकू सांगितलं, माझं ते वाक्य सांगितलं, बसमधलं बोलणं सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "नाथाकाका, आमच्या घरात पण म्हणत होतो आम्ही तसं. पोरानं चप्पल उलटी घातली की बाबा स्वतःच म्हणत, केला रे गुलाब. अन् हसत." मी म्हणालो, मला माफ कर मंदा. ती म्हणाली, "मले काऊन सांगता? मी थोडीच म्हणली होती त्याइले अडाणी. जिथं नाव गेलं तिथं सांगा."

म्हणून मी मिस्त्र्यांच्या ओळीत जाऊन सांगितलं. मग तो तिशीतला मिस्त्री संकोचून म्हणाला, "काका, आता शब्द पडला तो पडला. आम्ही काय 'एकनाथ झाला' म्हणाचं काय?" मी म्हणालो, हाव, म्हणा. कोणी हसलं नाही, पण कोणी तसं म्हणेल असंही वाटलं नाही. दिनकररावांकडेही जाऊन आलो. आजी केव्हाच गेल्या. दिनकरराव ऐकून म्हणाले, एवढी जुनी गोष्ट कशाला उकरता मिस्त्री, आपलं तर वावर पेरून झालं होतं.

त्या दिवशी तिच्या घरून निघताना मंदाने मला ओसरीत नेलं होतं. मोटारी भरायच्या तारांची वेटोळी अजून खुंटीवर आहेत. खाली एक खुर्ची, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. ती म्हणाली, भागी सोडली त्या वर्षी मी चौथीत होती. रोज संध्याकाळी बाबा माझी पाटी घेऊन बसत, मले म्हणत, शिकव. आधी मराठी शिकले, मग इंग्रजी अक्षरं. पहिले दोन शब्द कोणते शिकले ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पुढे पेपर लावला. रविवारची पुरवणी तो सकाळपासून दुपारपर्यंत वाचायचा, एकेका ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने, अगदी शेवटच्या पानावरच्या जाहिरातींपर्यंत. लांब वाक्यात अडकायचा, मग चिडून पुन्हा सुरुवातीपासून. पेपर अजून बंद केलेला नाही. रविवारी पुरवणी आली की मंदा ती त्या खुर्चीवर ठेवते आणि दुपारपर्यंत घरातलं कोणी तिला हात लावत नाही.

हा लेख पुरवणीत छापून आला तर त्या खुर्चीवर जाईल. इथवरची वाक्यं लांब झाली, पुरवणी वाचणाऱ्या अनोळखी माणसांना सगळं समजावं म्हणून. शेवटच्या ओळी मात्र त्या खुर्चीसाठी आहेत, म्हणून लहान लिहितो.

गुलाबभाऊ, ती पलेट मी बसवली. मी काही वाचलं नाही. तुझा हात बरोबर होता.